तिसरं बटण

भोक अगदी लहान—बटणाच्या बुडाशी, कडेला, मोहरीचा दाणा जेमतेम आत जाईल एवढं. आणि त्यात काय आहे ते बघायला चष्मा नाकावर सारून जरा वाकलं की झालं असतं. तेवढंच तो गेले तीन आठवडे करत नव्हता. बाकी सगळं केलं होतं. रेडिओच्या पोटातलं उंदरांचं घरटं चिमट्याने काडी काडी करून काढलं होतं, गंज खरवडला होता, वाळून कडक झालेल्या तारा बदलल्या होत्या. आता या सगळ्यासाठी सगळे भाग बसवलेला आतला पत्रा बाहेर घ्यायचा तर आधी पुढची तीन बटणं काढावी लागतात, हे या धंद्यातलं पहिल्या इयत्तेचं शिक्षण. ते टाळायला त्याने काय केलं, तर पुढची फळीच तोडली. वाळवीने खाल्लेली होती म्हणा ती, बदलायचीच होती. पण बटणांसकट पत्रा बाहेर ओढणारा माणूस दुसरा कोणी असता, तर त्याने त्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवला असता.

आणि आज सकाळी सुतार नवी फळी टेबलावर ठेवून गेला होता. तीन भोकं पाडलेली, पॉलिशचा वास मारणारी. संध्याकाळी पाच वाजता नर्सबाई रेडिओ न्यायला येणार होत्या. फळी बसवायची तर बटणं काढायलाच हवीत. आता पळवाट नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेलं हे धूड त्यांनी एकटीने उचलून आणलं होतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण रोग्यांना उठवून-बसवून दंड कमावलेले. ‘काका, दोन महिन्यांपूर्वी वडील गेले. घर रिकामं करतेय. माळ्यावर हा निघाला. मागच्या पुठ्ठ्यावर तुमच्या जुन्या दुकानाची चिठ्ठी आहे, म्हणून विचारत विचारत आले.’ चादर बाजूला झाली, आणि त्याला चिठ्ठी बघायची गरजच पडली नाही. डायलच्या काचेला डाव्या कोपऱ्यात एक टवका होता. तो टवका त्याच्याच पकडीने उडाला होता, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, आणि त्यावरून थोरल्या भावाने, दादाने, दिवसभर त्याची सालटी काढली होती.

‘आईचा रेडिओ,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘आई हा ऐकतानाच गेली. मी शाळेतून आले तर ती जमिनीवर, आणि हा आपला गातोय. शेजारच्या काकूंनी येऊन बंद केला.’ रोग्याचा ताप सांगावा तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. ‘एकदा वाजताना ऐकायचाय. जुने भाग मिळणार नाहीत, कळतं मला. दुसरे घाला. चालतील.’

तो ‘बघतो’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

हार्ट—असं तेव्हा सगळे म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, गल्ली म्हणाली. पस्तिशीतली, चांगली हिंडती-फिरती बाई फरशी पुसता पुसता मध्येच उठली, गाणं बदलायला रेडिओपाशी गेली आणि कोसळली. येतो एखाद्याचा काळ असा. पण चोराच्या मनात चांदणं. दुकानात ही बातमी आली तेव्हा तेवीस वर्षांच्या त्याच्या मनात आधी आला तो ओला हात, आणि लगेच त्याच्यामागून आलं मेण.

कारण हा सेट त्या जातीचा होता. यात भिंतीतल्या विजेला अडवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. वीज सरळ आतल्या पत्र्यावर येते. पिन एका बाजूने खोचली तर काही नाही, उलटी खोचली तर पत्रा जिवंत. बाहेरून लाकूड आणि बॅकेलाइटची, कडक प्लास्टिकची बटणं, म्हणून माणूस निर्धास्त. फक्त बटणाला दांड्यावर आवळून धरणारा एक बारीकसा स्क्रू असतो, आणि तो थेट पत्र्याशी जोडलेला. त्याचं भोक बटणाच्या कडेला. म्हणून दुरुस्तीनंतर सेटची पेटी बंद करताना त्या भोकात मेण भरायचं. एक थेंब. त्या थेंबासाठी कोणी शाबासकी देत नाही, कारण तो आहे हे कोणाला माहीतच नसतं. आणि नसला तर... कोरड्या हाताला बहुधा काही कळतही नाही. ओल्या बोटाला, ओल्या फरशीवर, तेवढं पुरतं.

हा सेट दुरुस्त झाला त्या दिवशी तीन बटणं होती. आवाजाचं, सुराचं आणि स्टेशनचं. मेण त्याचं स्वतःचं, मेणबत्तीचं मेण आणि दिव्याची काजळी. काळं, बॅकेलाइटच्या रंगात मिसळून जाणारं. दादा हसायचा—‘भोक बुजवायचंय तुला, का नवरी सजवायचीय?’ त्याने पहिलं भोक भरलं. दुसरं भरलं. आणि दारात ती येऊन उभी राहिली, हातात टेबल फॅन घेऊन, जो बिघडलेला नव्हता हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही, आणि दादाला तर होतंच होतं. त्या महिन्यात तो फॅन तिसऱ्यांदा बिघडला होता. तो हात पुसून उठला. तिच्याबरोबर बाहेर पडला, नदीच्या पुलापर्यंत चालत गेला, फॅन तसाच काखेत... आणि पुलावर तिने त्याला लग्नाचं विचारलं. हो, तिनेच. तो कसला विचारतोय. दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा हा रेडिओ घरपोच गेलेला होता.

तिसरं भोक भरलं होतं का?

कधी आठवतं, भरलं. सुईच्या टोकावरचा थेंब, बोटाला बसलेला चटका, सगळं दिसतं. कधी आठवतं, सुई तशीच वातीजवळ टेकवून तो उठला. एवढ्या वेळा उघडून पाहिलाय तो दिवस, इतक्या वेळा त्यातलं काहीबाही दुरुस्त केलंय, की आता त्यात मूळचं काय आणि आपण नंतर बसवलेलं काय, हे त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. चटका मूळचा की नंतरचा? बोट तर रोजच भाजायचं.

हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. फॅनवालीशी लग्न झालं, मुलं झाली, मुलांनी आपापली घरं केली. बरं चाललं की त्याला ते खुपायचं. हे बरं चालणं त्या पुलावर सुरू झालं होतं, आणि तो पुलावर होता म्हणून कोणाची तरी मुलगी शाळेतून येऊन दारात उभी राहिली होती... असा हिशेब कोणी मांडत नाही हे त्याला कळायचं. तरी तो मांडायचा.

सकाळ त्याने टंगळमंगळ करत काढली. मध्ये एकदा विजेच्या वाटेत तपासणीचा बल्ब जोडून सेट पुन्हा लावून पाहिला. बल्ब आधी भक्कन पेटला, मग मंदावला, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही, सगळं ठीक. ठीक असणारच. एक काचेचा व्हॉल्व्ह तर जगात कुठे उरला नव्हता, त्याच्या जागी त्याने करंगळीच्या नखाएवढा डायोड बसवला होता आणि रिकामा व्हॉल्व्ह शोभेला तसाच ठेवला होता. जुन्या कंडेन्सरांची पुठ्ठ्याची नळकांडी पोखरून आत नवे घातले होते. स्पीकरचा फाटका कागद चहा गाळायच्या कागदाने सांधला होता, काटा फिरवणारा दोरा मासे धरायच्या गळाचा होता. आणि भिंतीतली वीज आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसवला होता, पहिल्याच दिवशी, बाकी कशाला हात लावायच्या आधी. आता या पत्र्यावर तान्हं मूल निजवलं तरी काही होणार नव्हतं.

पण व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात रेडिओ काहीच बोलत नाही. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. असता तर हा धंदा केला नसता, बंद पेटीतून माणसं बोलवायचा. तरीही गेले तीन आठवडे, रोज, त्या अर्ध्या मिनिटात त्याला वाटायचं की मागे फरशी ओली आहे. कोणीतरी पदराला हात पुसत, नीट न पुसत, उभं आहे, गाणं बदलायला. तो मागे बघायचा नाही. मग गुरगुर यायची, खरखर यायची, खरखरीतून कोणीतरी हवामान सांगायला लागायचं, आणि मागची जागा पुन्हा नुसती दुकानाची जागा व्हायची. स्टेशनचं बटण मात्र तो फडकं धरून फिरवायचा. ट्रान्सफॉर्मर बसवला होता तरी. स्वतःच्या हाताने बसवला होता तरी.

शेवटी त्याने सेट बंद केला, पिन काढली, शिवणाची सुई घेतली आणि पहिल्या बटणावर वाकला.

काळं मेण. सुईच्या टोकाशी चुरा झाला, त्याच्याच हातचं, काजळी घातलेलं. चव्वेचाळीस वर्षं जागचं हललं नव्हतं. स्क्रू फिरला, बटण हातात आलं. दुसरं बटण—काळं मेण. इथवर त्याची आठवण खोटी नव्हती. तो पाणी प्यायला. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा प्यायला. मग तिसऱ्या बटणावरचा मळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, कारण मळाने भोकच दिसत नव्हतं, आणि मळाखालून लाल रंग आला.

लाख. पार्सलावर लावतात ती लाल लाख.

बराच वेळ तो त्या ठिपक्याकडे नुसता बघत राहिला. मग बटण काढून बाकीच्या दोघांशेजारी ठेवलं. पुसल्यावर ते किंचित तांबूस निघालं आणि कडेच्या रेघा रुंद होत्या. हे या रेडिओचं बटणच नव्हतं. दुकानात सुट्या बटणांचा एक पत्र्याचा डबा असायचा, त्यातलं होतं, जवळपास जुळणारं. आणि लाख दादाची होती.

ती बाई गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दादा एका सकाळी म्हणाला होता, ‘आजपासून सेट बंद मी करणार.’ का, ते सांगितलं नाही. याने दुरुस्त करायचा, वाजवून दाखवायचा, आणि मग बाजूला सरायचं. दादा पेटी जवळ ओढणार, मागचा पुठ्ठा लावणार, आणि शेवटी लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून एकेका भोकात लाल थेंब सोडणार. मेण उन्हाने पाघळतं म्हणायचा, लाख पाघळत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी, घाईत असलं तरी, ‘थांबा जरा, मोठे भाऊ येऊन बंद करतील.’ हे अकरा वर्षं. पोरं झालेल्या, केस पिकायला लागलेल्या माणसाने अकरा वर्षं शेवटचा स्क्रू दुसऱ्याच्या हातात द्यायचा! दादाला कळलंय—हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. दादाला कळलंय, आणि तो बोलत नाही, तो रोज संध्याकाळी मेणबत्ती पेटवून आपल्याला ते ऐकवतोय. एकदा तो फुटलाच. ‘माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? मग तसं तोंडाने बोल की!’ दादा कांडीकडे बघत राहिला. ‘विश्वासाचं काय आहे त्यात,’ म्हणाला. ‘तू घरी जा. ती वाट बघत असेल.’ त्या वाक्यातल्या ‘ती’ने तर त्याच्या अंगाची आग आग झाली. पुढच्या महिन्यात त्याने दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान मांडलं. हत्यारं वाटून घेतली, स्क्रूंचे डबेसुद्धा निम्मे-निम्मे ओतून घेतले. भाऊबंदकी म्हणजे काय, ते लोकांनी शेतावरून पाहिलेलं असतं. यांनी स्क्रूंवरून करून दाखवली. नंतर लग्नाकार्यात भेटायचे, ‘बरं आहे ना’ म्हणायचे. दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

म्हणजे दादा त्या घरी गेला होता. बाई गेल्यानंतर—लाख त्यानंतरची. गेला, बटण बदललं, लाख भरली. कशासाठी? तिसरं भोक रिकामं होतं म्हणून. त्याशिवाय कोण कशाला बदलेल? की बाई पडताना बटण धरून पडली आणि ते फुटलं, म्हणून? तसंही होऊ शकतं. बॅकेलाइट फुटतं. फुटलं असेल तर भोकात मेण होतं की नव्हतं हा प्रश्न त्या बटणाबरोबरच गेला... पण दादा माझ्यासाठी गेला होता. पुरावा पुसायला. धाकटा भाऊ, नुकतं लग्न ठरलेला, तुरुंगात जाईल म्हणून. आणि येऊन मला एका शब्दाने बोलला नाही, आणि मी त्याच्या तोंडावर म्हणालो, विश्वास नाही ना तुझा.

‘अहो, जेवायला येताय ना? गार होतंय सगळं!’ वरून बायकोची हाक आली.

दुकानावरच घर. तो जिना चढून गेला, हात धुतले, बसला. बायको वाढत होती आणि धाकट्या नातवाचा फोनवरचा पराक्रम सांगत होती. तो ‘हं’ म्हणत होता. तिच्या हाताकडे बघत होता. याच हातात फॅन होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा, नीट विचारही न करता, त्याने विचारलं,

‘पुलावर गेलो होतो, त्या दिवशी... तू दुकानात आलीस तेव्हा मी काय करत होतो, आठवतं तुला?’

बायको हसायला लागली. ‘आज काय हे एकदम? करताय काय, कुठल्यातरी रेडिओच्या मानगुटीवर बसला होतात. उठायलाच तयार नव्हतात! “दोन मिनिटं, एवढं एक राहिलंय,” म्हणून. शेवटी दादांनीच तुमच्या हातातून सुई काढून घेतली. “ऊठ रे बाबा, पुढचं मी बघतो. ही तीन वेळा फॅन घेऊन आली, आता चौथ्यांदा येणार नाही,” म्हणाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.’

‘सुई काढून घेतली?’

‘हो मग! आणि म्हणे आठवतं का. तुम्हालाच काही आठवत नाही.’ तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. ‘का हो?’

‘सहज,’ तो म्हणाला.

जिना उतरताना त्याने कठडा धरला. चव्वेचाळीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन त्याच्यासमोर वावरत होती, चेष्टेची गोष्ट म्हणून, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुई दादाने घेतली. पुढचं मी बघतो, असं दादा म्हणाला. मग दादाने बघितलं नाही? गिऱ्हाईक आलं असेल, कोणी हाक मारली असेल, किंवा ‘पुढचं’ म्हणजे दुकान, तिसरं बटण राहिलंय हे दादाला कळलंच नसेल. भोकं एवढीशी, मेण काळं, दोन भरलेली दिसली, तिसरंही भरलं असेल असं वाटलं असेल. मग चूक कोणाची? याने उठताना ‘एवढं एक राहिलंय’ म्हटलं होतं, म्हणजे सांगितलं होतं. सांगितलं होतं! तो दुकानात मधोमध उभा राहिला आणि वाट पाहत राहिला, की आता छातीवरचा धोंडा उतरेल. आयुष्यभर हेच तर हवं होतं. धोंडा उतरला नाही. उलट कोणीतरी न विचारता घरातली मोठी जुनी वस्तू उचलून नेल्यासारखं झालं, आणि तिच्या जागी काय ठेवावं ते सुचेना. आणि बायकोची आठवण तरी मूळची कशावरून? तिनेही ती गोष्ट शंभरदा सांगितली असेल, तिच्या बहिणींना, सुनेला. सांगता सांगता दादाच्या तोंडी चार वाक्यं जास्तीची गेली असतील.

त्याने फळी बसवली. बटणं लावली, स्क्रू आवळले. ट्रान्सफॉर्मर होता, मेणाची गरज नव्हती. तरी मेणबत्ती पेटवली. काजळी धरली, मिश्रण केलं आणि तिन्ही भोकं भरली. तिसऱ्या वेळी थेंब बोटावर पडला.

पाचला पाच मिनिटं असताना नर्सबाई आल्या. दवाखान्यातून सरळ आल्या होत्या, पायात अजून ते मऊ बूट. टेबलावरचा रेडिओ पाहून त्या थबकल्या. ‘अगदी तसाच केलात हो!’ म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या. त्याने पिन खोचली. डायलमागचा दिवा लागला. अर्धं मिनिट. मग गुरगुर झाली, खरखर झाली, आणि कोणीतरी बाई कसलंसं संथ गाणं म्हणायला लागली. नर्सबाईंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने डोळे पुसले, नीट, दोन्ही, आणि हात पुढे केला—स्टेशनच्या बटणाकडे.

‘थांबा!’ तो जवळजवळ ओरडलाच.

त्यांचा हात हवेत राहिला. मग त्या त्याच्याकडे बघून हलकंसं हसल्या. ‘काका, आता नाही ना लागणार?’

‘नाही. आता मध्ये ट्रान्सफॉर्मर... तुम्हाला कसं...’

‘मला ठाऊक आहे. आईच्या बोटावर पांढरा डाग होता, मी पाहिला होता. तो विजेचा चटका, हे पुढे कळलं, नर्सिंग शिकताना. पण घरात आधीपासून माहीत होतं. तुमचे भाऊ आले होते ना.’ त्यांनी बटण फिरवलं. गाणं गेलं, खरखर आली, पुन्हा गाणं आलं. ‘दोनेक आठवड्यांनी आले असतील. मी दारामागे उभी होते. बाबांसमोर हात जोडून म्हणाले, चूक माझी आहे. सेट बंद करताना माझ्याकडून राहिलं. तुम्ही पोलिसांत जा, मी नाही म्हणणार नाही. बाबा गेले नाहीत. म्हणाले, जाऊन काय ती परत येणारे? मग तुमचे भाऊ तिथेच जमिनीवर बसले आणि ते बटण बदललं. बाबा म्हणाले, अहो, आता हा लावणार कोण? तरी बदललं. जुनं खिशात घालून घेऊन गेले.’

रेडिओ गात होता. त्याला आवाज कमी करावासा वाटला, पण हात उचलला नाही. चूक माझी आहे. हे तीन शब्द चव्वेचाळीस वर्षं त्याच्या जिभेवर तयार होते, आणि दादाने ते कधीच वापरून टाकले होते. जिथे जाऊन बोलायला हवे होते तिथे जाऊन, पंधराएक दिवसांत. खरे म्हणून बोलला असेल, की याच्यासाठी? दादाचा चेहरा आठवून त्याने ते ताडून बघायचा प्रयत्न केला. मेणबत्तीवर वाकलेला चेहरा आला, अकरा वर्षं रोज संध्याकाळी आलेला... आणि तेव्हा, सावकाश, त्याला दिसलं की तो चेहरा याच्याकडे कधीच बघत नव्हता. तो त्या भोकाकडे बघत होता. मला वाटलं, तो माझ्यावर पहारा ठेवतोय. तो स्वतःवर ठेवत होता. आपल्या हातून पुन्हा राहू नये म्हणून प्रत्येक सेट स्वतःच बंद करत होता, आणि मी तो माझा अपमान मानला, डबे ओतून घेतले, दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बसलो. तू घरी जा, ती वाट बघत असेल, असं म्हणाला होता दादा. मी टोमणा समजलो.

‘मी सांगू का,’ नर्सबाई म्हणाल्या, ‘मी आले ती नुसती रेडिओसाठी नाही. बाबा शेवटी शेवटी सारखं म्हणायचे, त्या माणसाला जाऊन सांगायला हवं होतं, की बाबा रे, आता पुरे, मनात ठेवू नकोस. राहूनच गेलं. कुठे असतात ते?’

‘गेला. सहा वर्षं झाली.’

‘अरेरे.’ त्यांनी बटणावरचा हात काढला. ‘आजारी होते?’

‘हो.’

‘बरेच दिवस?’

‘सात-आठ महिने.’

आता बोलता येईल. आताच. बाई, चूक त्याची नव्हती, माझी होती. पण होती का? आणि असली-नसली तरी हे दादाकडून काढून घ्यायचा हक्क याला कोणी दिला? दुकान अर्धं घेतलं, स्क्रू अर्धे घेतले, आता हेही? आणि नाही बोललो तर सगळं त्याच्याच माथ्यावर राहतं, मेल्यानंतरही. दोन्हीकडून तो दादाशीच वाईट वागत होता. त्या ओल्या हाताच्या बाईचा विचार आपण बराच वेळ केलेला नाही, हेही त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

‘शेवटी कसे होते?’ नर्सबाईंनी विचारलं. रोज कितीतरी माणसांना त्या हे विचारत असतील. आवाजात घाई नव्हती. ‘मनावर काही होतं का त्यांच्या? काही बोलले?’

वहिनीने दोनदा निरोप पाठवला होता. बोलावतायत, येऊन जा. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, हातात काम आहे, येतो. काम नव्हतं. भीती होती. आता शेवटी दादा ते बोलणार, इतकी वर्षं न बोललेलं, तोंडावर बोलणार, म्हणून तो गेला नव्हता; गेला तो सगळं संपल्यावर, आणि तेव्हा वहिनी त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. दादाला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं? तुझ्याकडून राहिलं, असं? की माझ्याकडून राहिलं रे, असं? की नुसतंच, बस जरा?

नर्सबाई वाट बघत होत्या. एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर सख्ख्या भावाला ठाऊक नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

‘दादा...’ तो म्हणाला. ‘बसा ना तुम्ही,’ तो घाईने म्हणाला, ‘बसा, सांगतो,’ आणि मग त्याला दिसलं की त्या कधीच्याच बसलेल्या आहेत. उभा तोच आहे.